धाकुलीचे कार्ड

शब्दकोशाच्या कचेरीत तिला सगळे शिक्केबाई म्हणत. पाठीमागे म्हणत, तोंडावर म्हणत, आणि एकदा तर बढतीच्या पत्रातही कोणा टंकलेखकाने तसेच टंकले होते. तिने पत्र परत केले नाही. समासात लाल शाईने ‘पडताळणी सहायक’ असे लिहिले, खाली तारीख घातली आणि पत्र फायलीला लावून टाकले. चूक खोडायची नाही, तिच्या शेजारी बरोबर काय ते लिहायचे, ही तिची रीत. एकतीस वर्षांत तिने ती एकदाच मोडली.

तिची खोली दुसऱ्या मजल्यावर, उत्तरेच्या टोकाला. खोलीत समोरासमोर दोन लाकडी कपाटे, प्रत्येकात एकशे चव्वेचाळीस खण. डावीकडचे कपाट चालत्याबोलत्या शब्दांचे, उजवीकडचे गेलेल्यांचे. मध्ये तिचे टेबल, आणि टेबलावर शाईची गादी व एक रबरी शिक्का: ‘लुप्त’. कार्ड डावीकडून उजवीकडे जाई ते या टेबलावरून. उलट दिशेने एकही कार्ड कधी गेले नव्हते. नवा कारकून रुजू झाला की जुने लोक त्याला दारातूनच ती खोली दाखवून म्हणत, “ही यमाची कचेरी. आत जाताना जिभेवरचे शब्द बाहेर काढून ठेवा, नाहीतर बाई शिक्का मारतील.”

शिक्केबाई मान वर न करता म्हणे, “जपून ठेवावं असं काही तुमच्या जिभेवर आहे का, ते आधी पाहू.”

कामाची पद्धत अशी होती. जुना शब्द पुस्तकात सापडला एवढ्याने भागत नसे. तो कोणाच्या तरी तोंडात जिवंत असावा लागे. म्हणून प्रत्येक जुन्या शब्दाच्या कार्डावर, तो शब्द रोजच्या बोलण्यात वापरणाऱ्या एका माणसाची नोंद असे. त्याला साक्षीदार म्हणत. दर चार महिन्यांनी शिक्केबाई साक्षीदाराच्या घरी फेरी घाली, तास-दीड तास बसे, इकडच्या तिकडच्या गप्पा मारी आणि शब्द आपण होऊन येतो का याची वाट पाही. विचारायचे नाही, सुचवायचे नाही, आणि स्वतः तर उच्चारायचाच नाही. एकदा तिच्या तोंडून शब्द निघाला की मग साक्षीदाराने तो म्हटला काय, न म्हटला काय, सारखेच. कचेरीच्या भाषेत तो ‘उष्टा’ झाला. लागोपाठ तीन फेऱ्यांत शब्द ऐकू आला नाही, किंवा साक्षीदारच उरला नाही, की शिक्का. तीन फेऱ्यांचे हे कलम तिनेच, नोकरीच्या सहाव्या वर्षी, टिपण लिहून मंजूर करून घेतले होते.

साक्षीदार बहुतेक म्हातारे असत, आणि या फेऱ्यांचा अर्थ त्यांना नेमका ठाऊक असे. डोळ्यांनी अधू झालेला एक शिंपी होता. बटणाला ‘गुंडी’ म्हणणारा कचेरीच्या नोंदीतला तो शेवटचा माणूस. दार उघडता उघडताच तो सांगे, “या. गुंडी शाबूत आहे. मी आहे की नाही, ते मात्र तुम्हीच बघा.” तो गेला तेव्हा शिक्केबाई त्याच्या घरी पाच मिनिटे बसून आली आणि दुसऱ्या दिवशी तिने कार्डावर शिक्का उमटवला. तिला वाईट वाटले नाही असे नाही. पण हात थरथरला की शाई पसरते, हेही तिला ठाऊक होते.

लग्न तिने केले नाही. कोणी खोदून विचारलेच तर म्हणे, “तिसऱ्या फेरीपर्यंत कोणी टिकलाच नाही.” दोन खोल्यांचे भाड्याचे घर, खिडकीखाली बसथांबा, दारामागे छत्री. आणि मायेचे म्हणावे असे एकच ठिकाण: थोरल्या बहिणीचे घर.

थोरली तिच्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा ही चार वर्षांची होती; तेव्हापासून तिच्या दोन वेण्या थोरलीने घातल्या, तिची पाटी थोरलीने पुसली आणि तिला तापही थोरलीच्याच मांडीवर आले. लहानपणी तिला एक खोड होती. शाळेतून आली की बूट हातात घेऊन ती दारातच उभी राही. थोरलीचे लक्ष जाऊन तिने हाक मारल्याखेरीज आत पाऊल टाकत नसे. मग थोरली हातातले काम न सोडता म्हणे, “धाकुली, ये ना आत. किती वेळ उभी आहेस?” धाकुली म्हणजे सर्वांत धाकटी. त्या वेळीही हा शब्द जुनाटच होता. वर्गातल्या मुली हसत. पुढे थोरलीचे लग्न झाले, तिला एक मुलगी झाली, नवरा वारला, ती तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत राहायला आली; पण हाक तीच राहिली.

नोकरीच्या पाचव्या वर्षी एका रविवारी चहा पिताना शिक्केबाईच्या ध्यानात आले की समोर एक खजिना बसला आहे. थोरली खिडकीच्या काचेला ‘तावदान’ म्हणे, बसायच्या तीन पायांच्या स्टुलाला ‘तिवई’ म्हणे, भिंतीवर ओळीने ठोकलेल्या खुंट्यांना ‘खुंटाळे’ म्हणे, अंथरुणे रचून ठेवायच्या बोळातल्या लाकडी चौकटीला ‘घडवंची’ म्हणे. नात्यातला साक्षीदार चालत नाही असे नियमात कुठेही नव्हते. वर्षभरात तिने एक्केचाळीस कार्डांवर थोरलीची नोंद केली. सतरावे कार्ड ‘धाकुली’चे होते. त्या कार्डाखाली तिने एक टीपही जोडली: ‘जिला हाक मारली जाते, तिची साक्ष ग्राह्य नाही. साक्ष तोंडाची, कानाची नव्हे.’

इथेच तिचे चुकले. पण ही चूक दिसायला वीस-पंचवीस वर्षे लागली. शब्द उष्टे होऊ नयेत म्हणून त्या दिवसापासून तिने थोरलीच्या घरात ते एक्केचाळीस शब्द तोंडातून काढले नाहीत. ‘ते लाकडी’, ‘ती काच’, ‘त्या भिंतीवरच्या’ असे ती म्हणे. भाची सहा वर्षांची असताना एकदा म्हणाली, “मावशी, उशी घडवंचीवर ठेवू?” तेव्हा शिक्केबाईने तिला बाजूला घेऊन समजावले, “तू नाही हं तसं म्हणायचं. आईला एकटीलाच म्हणू दे.” पोर गुणी होती; तिने ऐकले. थोरली बोलत राहिली आणि तिचे शब्द त्या घरात कोणीही उचलले नाहीत. जपून ठेवलेल्या चादरीसारखे ते घडीवरच विरत गेले.

सदुसष्टाव्या वर्षी थोरलीचे बोलणे अडखळू लागले. डॉक्टरांनी भाचीला सांगितले की आधी नावे जातील, मग ओळख जाईल. घाई करू नका, रागावू नका. शिक्केबाईने फेऱ्या चालू ठेवल्या. तीन फेऱ्या झाल्या. घडवंचीकडे बोट दाखवून थोरली नुसते “ते” म्हणत होती. एका गुरुवारी शिक्केबाईने त्या कार्डावर शिक्का मारला.

रविवारी ती गेली तेव्हा थोरलीच्या नडगीवर पट्टी होती.

“बोळातून जाताना सरळ त्यावर आदळली,” भाची म्हणाली. “एकदा नाही, तीनदा.”

“ताई, काय लागलं?”

“काही नाही गं. तिथे काही नाहीच आहे.” आणि थोरली उठली, बोळात गेली आणि सगळ्यांच्या देखत, मोकळ्या वाटेने जावे तशी, घडवंचीत शिरली. लाकडावर हाड वाजले. ती थांबली, हाताने पुढची हवा चाचपली. हात लाकडाच्या फळीवरून फिरत होता आणि चेहऱ्यावर काहीही नव्हते.

डॉक्टरांनी सांगितले होते तेच हे, असे शिक्केबाईने स्वतःला बजावले. पुढच्या महिन्यात ‘तावदान’ गेले. त्या रविवारी थोरली खिडकीच्या बंद काचेवर कापडाचे बोळे दाबून बसली होती. “कोणी काढून नेली ही? वारा येतोय सगळा,” ती कुडकुडत म्हणाली. काच जागेवर होती. बाहेर पानही हलत नव्हते.

शिक्केबाई भ्यायली नाही. निदान लगेच नाही. तिने एका वहीत तीन रकाने आखले: शब्द, शिक्क्याची तारीख, घडलेली गोष्ट. गेल्या वर्षभरात थोरलीच्या नऊ कार्डांवर शिक्का पडला होता. त्यांपैकी सात वस्तू थोरलीला दिसेनाशा झाल्या होत्या. सातही वेळा शिक्का आधी, गोष्ट नंतर. दोन शब्दांबाबत काही आढळले नाही. खाली तिने टीप लिहिली: ‘शिक्क्यानंतरच मी नीट पाहू लागते. त्याआधी पाहिलेच नव्हते. निष्कर्ष काढता येत नाही.’

मग तिने, निष्कर्ष निघावा म्हणून, एक गोष्ट केली. ‘खुंटाळे’ आणि ‘तिवई’ या दोन्ही कार्डांच्या तीन-तीन फेऱ्या रिकाम्या गेल्या होत्या. गुरुवारी तिने ‘खुंटाळे’वर शिक्का मारला आणि ‘तिवई’चे कार्ड शिक्क्याविना टेबलाच्या खणात ठेवून कुलूप लावले. कोणाला सांगितले नाही. रविवारी तिसऱ्या मजल्यावर पोहोचली तेव्हा थोरली नेहमीप्रमाणे तिवईवर बसली होती. भिंतीशी जमिनीवर कपड्यांचा ढीग होता.

“हे काय गं?”

भाचीच्या डोळ्यांखाली काळे झाले होते. “शुक्रवारपासून चाललंय, मावशी. कपडे टांगते आणि ते पडतात. मी उचलून ठेवते, ती पुन्हा टांगते. तू बघच.”

थोरली उठली, एक स्वेटर उचलला, भिंतीजवळ गेली आणि खुंट्यांच्या ओळीपासून वीतभर अलीकडे, हवेत, सावकाश टांगला. स्वेटर खाली पडला. तिने तो पडलेला पाहिलाही नाही. दुसरा उचलला.

त्या दिवशी बसमध्ये शिक्केबाईने वही उघडली, रकाना भरला आणि टीप लिहायला पेन्सिल टेकवली. काही लिहिले गेले नाही.

सोमवारपासून तिने थोरलीच्या कार्डांना शिक्का लावणे बंद केले. खणात कार्डे साठत गेली, दहा झाली. अकरावे सतरा क्रमांकाचे होते. त्याच्या दोन फेऱ्या कोऱ्या गेल्या होत्या. गेले सात-आठ महिने थोरली तिला ‘अगं’ एवढेच म्हणत होती. तिसरी फेरी येत्या रविवारची. शिक्केबाई ते कार्ड हातात धरून बराच वेळ बसली. घडवंचीचे, तावदानाचे, खुंटाळ्याचे जे झाले, ते आता कोणाचे होणार होते, हे सांगायला वही लागत नव्हती.

संपादकांनी तिला त्याच आठवड्यात बोलावले. नवी आवृत्ती महिनाअखेरीस छापखान्यात जायची होती.

“बाई, तुमच्याकडे दहा कार्डं अडली आहेत. तीन फेऱ्या होऊन गेल्या. शिक्का का नाही?”

“थोडा अवधी हवा आहे, साहेब.”

“अवधी शब्दाला हवाय की साक्षीदाराला?” संपादक वाईट माणूस नव्हते, पण थट्टा त्यांच्या तोंडून सुटून जाई. “ताईंची तब्येत बरी नाही हे ऐकलंय मी. पण साक्षीदार बहीण असली म्हणून कलम वाकत नाही. आणि कलम तरी कोणाचं? तुमचंच.”

ती म्हणाली, “शिक्का मारला की ताईला ती वस्तू दिसत नाही.”

संपादकांनी चष्मा काढला.  “असं टिपण लिहून द्या,” ते म्हणाले. “तारखांसकट. मी समितीपुढे ठेवतो.”

“नाही देता येणार.”

“का?”

“पुरावा पुरेसा नाही.”

तिने उत्तर दिले आणि आपल्याच उत्तरात ती अडकली. ज्याचा पुरावा नाही त्यासाठी नियम थांबवता येत नाही, हे तिने तीस वर्षे इतरांना सांगितले होते. शुक्रवारी दुपारी तिने दहाही कार्डांवर शिक्के मारले. एकही शिक्का पुसट उठला नाही.

रविवारी तीनला ती पोहोचली. दार सताड उघडे होते. थोरली खोलीच्या मधोमध, फरशीवर, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तिवई तिच्या खांद्याला टेकलेली. दुलई, म्हणजे तिचे रुईचे पांघरूण, हाताच्या अंतरावर. आणि ती थंडीने आक्रसलेली. सामान सगळे होते तिथेच होते. पण थोरली ज्या घरात बसली होती ते रिकामे करून धुऊन काढलेले घर होते, आणि तिच्या नजरेकडे थोडा वेळ पाहिले की पाहणाऱ्यालाही भिंती जरा लांब गेल्यासारख्या वाटत.

“काल सकाळपासून अशी,” भाची हळूच म्हणाली. “उचलून खुर्चीत बसवली तर किंचाळते. म्हणते, मला अधांतरी का धरलंय?”

शिक्केबाई तिच्यासमोर खाली बसली. थोरलीने तिच्याकडे पाहिले. ओळखीचे, दमलेले हसू हसली. “आलीस? बरं झालं. सगळं नेलं गं त्यांनी.”

“कोणी, ताई?”

“कोणास ठाऊक. दिसत नाहीत. एकेक करून नेतात.” मग तिने शिक्केबाईचा हात धरला, घट्ट. “तू आहेस ना?”

“आहे.”

शिक्केबाईने वही मांडीवर घेतली आणि तिसरी फेरी सुरू केली. गप्पा हवेच्या झाल्या, बसच्या झाल्या, जिन्यातल्या दिव्याच्या झाल्या. साडेतीन वाजले. चार वाजले. एकदा थोरली मध्येच म्हणाली, “आज कोण येणार होतं गं?”

“मावशी आली की,” भाची म्हणाली.

“ही नव्हे. ती.” थोरलीने हात जमिनीपासून कमरेइतका उंच धरला. “ती... वेण्या राहिल्यात तिच्या.” ओठ हलले. शब्द येऊ पाहत होता; पाण्याच्या तळाशी काही हलावे तसा तिच्या चेहऱ्याखाली तो हलताना दिसत होता.  शिक्केबाईची पेन्सिल कागदाला टेकली. आणि थोरलीचा हात हळूहळू खाली आला.

पावणेपाच झाले. थोरलीची मुठीतली पकड सैल होत होती. ती शिक्केबाईकडे पाही, मग तिच्या खांद्यावरून भिंतीकडे पाही, मग पुन्हा शोधल्यासारखी तिच्याकडे.

“मावशी,” भाची म्हणाली, “तूच म्हण ना तो शब्द. एकदाच. कोणाला कळणार आहे?”

“कार्डाला.”

“कार्डाला कान आहेत? आईला आहेत! सहा वर्षांची होते मी, तेव्हा तू मला गप्प केलंस. सव्वीस वर्षं या घरात आई एकटी बोलतेय, मावशी. एकटी! आपण दोघींनी एक शब्द तिला परत दिला असता तर...” तिला रडू फुटले.

 शिक्केबाईने वही मिटली, पेन्सिल आडवी ठेवली. तो शब्द तिने पन्नास वर्षे कानांनी ऐकला होता. तिच्या जिभेवर तो कधीच आला नव्हता. स्वतःला हाक मारायची वेळ कोणावर येते?

“धाकुली,” ती म्हणाली. “ताई, मी धाकुली.”

थोरलीचा चेहरा उजळला. इतका, की भाची रडायची थांबली. पण ती शिक्केबाईकडे पाहत नव्हती. तिची नजर शिक्केबाईच्या कानाजवळून मागे, उघड्या दाराकडे गेली होती, आणि जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवर स्थिरावली होती.

“धाकुली! अगं, ये ना आत. किती वेळ उभी आहेस?”

जिन्यात कोणी नव्हते. भाचीने पाहिले, शिक्केबाईने वळून पाहिले. उंबऱ्यापाशी कलते ऊन पडले होते. थोरली सरकली, आपल्या शेजारी फरशीवर जागा केली आणि तिथल्या हवेवरून, वरून खाली, हलकेच हात फिरवला. “बूट ठेव तिकडे,” ती म्हणाली. मग समोर कोणी बसले आहे हे आत्ताच लक्षात आल्यासारखी ती संकोचली. शिक्केबाईच्या मुठीतला आपला हात तिने सभ्यपणे सोडवून घेतला.

“तुम्ही केव्हा आलात? कोणाकडे आलात?” तिने विचारले. “ही आमची धाकुली. नवीन माणसाला जरा बुजते.”

शिक्केबाईने कार्ड काढले आणि लिहिले: ‘ऐकला. फेरी तिसरी.’ तारीख घातली. कोणाच्या तोंडून आधी निघाला, ते लिहिले नाही.

आवृत्ती वेळेवर निघाली. त्यात ‘धाकुली’पुढे लुप्ततेची खूण नाही. संपादकांनी तिचे अभिनंदन केले. एक तरी वाचवलात म्हणाले. थोरलीचे खाणे सुधारले, झोप सुधारली. ती दिवसभर कोणाशी तरी हळू आवाजात बोले, हसे, दटावी. चौथ्या रविवारी शिक्केबाई गेली तेव्हा थोरली दाराकडे पाठ करून बसली होती आणि समोरच्या मोकळ्या हवेत सराईत बोटांनी वेणी घालत होती: तीन पेड, एकावर एक, शेवटी गाठ. मग दुसरी. काम झाल्यावर तिने कंगवा बाजूला ठेवला.

कंगव्यात केस होते. काळे, मऊ, हातभर लांब. थोरलीचे केस पांढरे होते, शिक्केबाईचे करडे, भाचीचे मानेपर्यंत कापलेले. शिक्केबाईने ते केस कागदी पाकिटात घातले आणि पाकिटावर बारीक अक्षरात लिहिले: ‘कंगवा नवा, मागच्या आठवड्यात घेतलेला. मदतीला बाई येणार ती पुढच्या महिन्यात. शेजारच्या मुली घरात येत नाहीत असे भाची सांगते. खात्री करता आली नाही. निष्कर्ष नाही.’ ते पाकीट ‘धाकुली’च्या कार्डामागे, डावीकडच्या कपाटात आहे.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी तिने ते कार्ड बाहेर काढले. लाल शाईची लेखणी उघडली. समासात एकच शब्द लिहायचा होता, ‘उष्टा’. तो लिहिला की शिक्का आलाच. शिक्का आला की उंबऱ्यातली ती पोर थोरलीला दिसेनाशी होणार, आणि ते घर पुन्हा, अगदी शेवटच्या माणसापर्यंत, रिकामे होणार. शिक्केबाईने लेखणीचे टोपण लावले. कार्ड जसे होते तसे खणात गेले.

आता ती दर रविवारी थोरलीकडे जाते आणि वही नेत नाही. भाची आणि ती मोठ्याने बोलतात. उशी घडवंचीवर ठेव गं. तावदान पूस. तिवई इकडे सरकव, दुलई घाल तिच्या अंगावर. दोघी सुरुवातीला अवघडत. आता सहज येते. कधीकधी थोरली बोळातून जाताना घडवंचीला वळसा घालते. दर वेळी नाही. दहातून चार वेळा. शिक्केबाईने मोजले आहे. थोरली तिला “तुम्ही” म्हणते, चहाचे विचारते आणि ती निघाली की दारापर्यंत पोचवायला येते.

चाळीस शब्द ती त्या घरात बोलते. एक्केचाळिसावा मात्र तिच्या तोंडून पुन्हा निघालेला नाही. त्या हाकेला ओ देणारी आता ती राहिलेली नाही, आणि जी देते ती दारात किती जवळ उभी असते, हे शिक्केबाईला दर रविवारी उंबरा ओलांडताना, कमरेइतक्या उंचीवर, अंगाला चाटून गेलेल्या हवेवरून कळते.